त्यांच्या शब्दांत ‘आई’: गोव्यातल्या बालगृहात सेवेला जाणाऱ्या मराठी माणसासाठी

मुलगी पाचेक वर्षांची असेल. बालगृहात येऊन तिला तीन दिवस झाले होते आणि ती सारखी ‘याडी, याडी’ म्हणून रडत होती. आम्हा मराठी माणसांना ‘याड’ म्हटलं की वेड आठवतं. बालगृह सांभाळणाऱ्या सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनी, केरळच्या, त्यांना तर तेवढंही आठवायचं कारण नव्हतं. आम्ही तिला बिस्किटं दिली, बाहुली दिली, कडेवर घेऊन अंगणात फिरवलं. चौथ्या दिवशी विजापूरकडची एक भाजीवाली दारात आली. तिने तो आवाज ऐकला, टोपली उतरवली आणि सरळ आत आली. ‘आई मागतीय की ती!’ म्हणाली. लमाण्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

भाषेचं ओझं मोठ्यांनी उचलायचं, मुलावर टाकायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गोव्यात ख्रिस्ती संस्थांच्या बालगृहात वेळ द्यावा असं मनात असलेले बरेच मराठी लोक मला विचारतात, ‘काय करायचं? कुठून सुरुवात करायची?’ मी नगरकडची ख्रिस्ती, लग्न होऊन फोंड्याला आले आणि गेली काही वर्षं आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा एका घरात जाते. पहिल्या वर्षी जे मला कुणी सांगितलं नाही, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा, यातलं बहुतेक तुम्हालाही लागू पडेल.

आधी हे समजून घ्या

‘अनाथ’ हा शब्द जपून वापरा. कायद्याच्या व्याख्येत आईवडील किंवा पालक नसलेलं मूल अनाथ आहेच, पण ज्याचा पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तेही त्यातच येतं. बालगृहातल्या बऱ्याच मुलांची आई किंवा बाप कुठेतरी हयात असतो. कुणाची आई आजारी आहे, कुणाचा बाप तुरुंगात आहे, कुणाच्या घरी दारूपायी मार आहे. मुलासमोर ‘बिचारं, याला कोणी नाही’ असं म्हणू नका. त्याला कुणीतरी असतं, आणि तुमची भाषा येत नसली तरी तुमचा सूर त्याला कळतो.

गोव्यातल्या बालगृहात कोकणी मुलं असतात, पण फक्त तीच नसतात. वास्को, झुआरीनगर, मडगाव, म्हापसा या भागांत बांधकामावर, बंदरावर, मासळीच्या धंद्यात काम करायला उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून, झारखंडातून, बिहारमधून, बंगालमधून माणसं येतात. त्यांची मुलं घर मोडलं की इथल्याच दारात पोहोचतात. त्यामुळे एकाच जेवणाच्या पंगतीत कोकणी, कन्नड, लमाणी, हिंदी, उडिया आणि आपली मराठीही ऐकू येते. काळजी घेणाऱ्या सिस्टर बहुधा केरळच्या, मंगळूरकडच्या किंवा झारखंडच्या. त्या स्वतःच दुसऱ्या भाषेत दिवस काढत असतात. त्यांना हात देणं ही सेवेची अर्धी बाजू आहे.

कागदपत्रं आणि परवानगी

हा भाग कोरडा आहे, पण तो टाळून पुढे जाऊ नका.

प्रत्येक बालगृहाची २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली नोंदणी असावी लागते. पहिल्या भेटीत नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागा. संकोच वाटतो, पण चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही. तिथल्या प्रत्येक मुलाची नोंद बाल कल्याण समितीकडे असते आणि मुलाबद्दलचे मोठे निर्णय तीच समिती घेते, सिस्टर नव्हे. एखाद्या मुलाला रविवारी घरी जेवायला न्यायची तुमची इच्छा कितीही प्रेमाची असली तरी ती सिस्टरांच्या हातातली गोष्ट नाही. त्यांना त्या पेचात टाकू नका.

स्वतःची पोलीस पडताळणी करून तिची प्रत संस्थेला द्या, त्यांनी मागितली नसली तरी. मुलांच्या सुरक्षेचे त्यांचे नियम लेखी असतील तर वाचून सही करा. बंद खोलीत एका मुलाबरोबर एकट्याने बसायचं नाही, एकाच मुलाला भेटवस्तू द्यायची नाही, वाढदिवसाचा केक आणायचा असेल तर आधी विचारायचं. फोटो काढायचाच नाही. मुलाची ओळख उघड होईल असं नाव, फोटो, शाळा, काहीही प्रसिद्ध करणं त्याच कायद्याच्या ७४ व्या कलमाने गुन्हा आहे, आणि व्हॉट्सअॅपचं स्टेटस ही खाजगी जागा नाही. फोन गाडीत ठेवून आत जा.

दत्तकाचा विचार मनात असेल तर तो वेगळा रस्ता आहे. तो केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या ऑनलाइन नोंदणीतूनच जातो. सेवेला आलेल्या घरात ‘हे मूल आम्हाला द्या’ असा शब्द कधीही काढू नका. मुलांच्या कानावर तो पडतो, आणि मग दर संध्याकाळी ती फाटकाकडे बघत बसतात.

शब्दवही

आता मुख्य कामाकडे येते. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर डावीकडे मराठी शब्द आणि पुढे भाषांचे रकाने. पहिल्या आठवड्यात चाळीस शब्द पुरतात, पण ते कुठले असावेत याचा नीट विचार करा. शिष्टाचाराचे शब्द मागे राहू द्या. आई, पाणी, भूक, पुरे, हवं, नको, दुखतं, झोप, भीती, शी, शू, ये, बस, उद्या. या यादीत ‘उद्या’ का, ते पुढे सांगते.

आपल्याला कोकणी येते असं प्रत्येक मराठी माणसाला वाटतं. अर्धी येते, आणि उरलेली अर्धी फसवते. ‘म्हाका आवय जाय’ हे आपल्या कानाला आई कुठेतरी गेल्यासारखं वाटेल. पण कोकणीत ‘जाय’ म्हणजे हवं. मूल सांगतंय, मला आई हवी. ‘नाका’ म्हणजे नको. उदक, न्हीद, कितें जालें, दुखता, रडूं नाका, एवढं पहिल्या दिवसापासून तोंडात ठेवा. लहान मूल म्हणजे भुरगें, मुलगा चलो, मुलगी चली.

कन्नडमध्ये याहून मोठे खड्डे आहेत. ‘मगु’ म्हणजे बाळ आणि ‘मग’ म्हणजे मुलगा, आपण मात्र पुढचं वाक्य ऐकायला थांबतो. ‘हौदु’ म्हणजे हो, ‘इल्ला’ म्हणजे नाही, ‘बा’ म्हणजे ये. ‘बेकु’ म्हणजे हवं आणि ‘बेड’ म्हणजे नको. पानात वाढताना ‘साकु’ ऐकू आलं की हात थांबवा. त्याचा अर्थ पुरे. अन्न टाकल्याबद्दल बोलणी खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांनी दोनदा ‘साकु’ म्हटलं होतं.

पण मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत सारखे शब्दही पुष्कळ आहेत, आणि सुरुवात तिथूनच करावी. अक्का, अण्णा, चमचा तसेच्या तसे. तूप तिकडे तुप्प होतं, खिडकी किटकी होते. पहिल्या दिवशी मी एका अबोल मुलाबरोबर घरभर फिरले आणि एकेका वस्तूला हात लावून माझा शब्द म्हणत गेले. खिडकीपाशी तो थांबला आणि हळूच म्हणाला, ‘किटकी.’ त्या घरात त्याने उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

शब्द गोळा करायला इंटरनेटपेक्षा माणसं बरी. गावातल्या कन्नड शाळेतले मास्तर, बांधकामावरचा उडिया मुकादम, भाजीवाली, नेपाळी पहारेकरी. त्यांना मुलाबद्दल काही सांगू नका, फक्त शब्द विचारा. उच्चार देवनागरीत जसा ऐकला तसा लिहा. आणि सिस्टरांनाही तीच वही वापरायला द्या. फोनमधलं भाषांतर कामाचं आहे, पण लमाणीसारख्या घरगुती बोलीपुढे ते गप्प बसतं, आणि मूल घाबरलेलं असताना यंत्राचा आवाज मध्ये आणू नये.

पहिला महिना

काहीच शिकवू नका. अभ्यास, कविता, इंग्रजी अक्षरं नंतर. नव्या भाषेत येऊन पडलेलं मूल कित्येक आठवडे गप्प राहू शकतं. ते ऐकत असतं. ‘बोल ना, बोल ना’ म्हणून मागे लागलं की ते आणखी आत जातं. शेजारी बसून शेंगा सोला, कपड्यांच्या घड्या घाला, रांगोळीचे ठिपके काढा. हाताला काम असलं की तोंडावरचा ताण जातो.

जेवणाकडे लक्ष द्या. शीत आणि नुस्त्याची आमटी, म्हणजे भात आणि मासळीची आमटी, हे गोव्याचं सुख, पण ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलाला त्या वासानेच मळमळतं. ते ‘हट्टी’ ठरतं. सिस्टरांच्या परवानगीने आम्ही महिन्यातून दोनदा भाकऱ्या थापतो, आणि थापताना मुलींना पीठ मळायला देतो. एका मुलीने आम्हाला दाखवलं की तिची आजी भाकरी कशी फिरवायची. तिला सांगायला शब्द नव्हते, हात होते.

आणि हो, ‘उद्या’. या मुलांशी सगळ्यात जास्त खोटं याच शब्दाने बोललं गेलेलं असतं. ‘आई उद्या येईल.’ तुम्ही मंगळवार आणि शुक्रवार ठरवलात तर मंगळवारी आणि शुक्रवारी जाच. कॅलेंडर करून भिंतीवर लावा, तुमच्या दिवसांवर पिवळा ठिपका काढा. भाषा न येणाऱ्या मुलाला पिवळा ठिपका वाचता येतो. येणं जमणार नसेल तर आधीच्या भेटीत तो ठिपका त्याच्यादेखत खोडा. आठवड्याला दोन दिवस जमणार नाहीत असं वाटत असेल तर एकच ठरवा, पण ठरवलेला दिवस चुकवू नका. नाताळला दोनशे लोक येतात. जुलैत, धो धो पावसात, कोणी येत नाही. तुम्ही जुलैत जा.

प्रार्थना, आणि एक जुनी जखम

याकोबाच्या पत्रात अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात ‘समाचार घेणे’ याला शुद्ध धर्म म्हटलं आहे. आजच्या मराठीत समाचार घेणं म्हणजे खरडपट्टी काढणं, पण मराठी बायबलने त्याचा जुना अर्थ जपून ठेवला आहे: जाऊन विचारपूस करणं. दान पाठवणं यात बसत नाही. उठून जावं लागतं, आणि विचारपूस करायची तर ऐकून घेण्याइतकी तरी त्यांची भाषा यावी लागते.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातल्या गंगामूळचा. घर मराठी. सोळाव्या वर्षी, दुष्काळात, आई आणि वडील दोघेही गेले. पुढे त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभं केलं आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली तिथे आणल्या. मुली गुजराती बोलणाऱ्या, घर मराठी. गोव्याचेच संत जोसेफ वाझ बाणावलीचे. १६८७ मध्ये श्रीलंकेला गेले आणि तिथल्या लोकांत तमिळ आणि सिंहली शिकून राहिले. कँडीत देवीची साथ आली तेव्हा सोडून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी केली. ही माणसं माझी उमेद आहेत.

पण गोव्यात ‘ख्रिस्ती’ आणि ‘अनाथ’ हे दोन शब्द शेजारी आले की दुसरीही आठवण जागी होते, आणि ती मी लपवणार नाही. १५५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने हुकूम काढला की ज्यांचे आईवडील, आजीआजोबा उरले नाहीत अशी हिंदूंची मुलं ताब्यात घेऊन जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यावीत आणि त्यांना ख्रिस्ती करावं. नातेवाईक मुलं लपवून पळाले. १६८४ मध्ये दुसरा हुकूम निघाला, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. अनाथ मूल आणि त्याची भाषा, दोन्ही हिसकावून घेण्याचा प्रयत्न याच भूमीवर, माझ्या श्रद्धेच्या नावाने झाला. ख्रिस्ती म्हणून मला याची लाज वाटते, आणि म्हणूनच मी या बाबतीत कडक आहे.

तुम्हीही कडक राहा. संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, सुरू झाला की ज्या मुलाला बसायचं नाही त्याला ओढू नका. हिंदू किंवा मुसलमान घरातून आलेल्या मुलाला त्याचा सण विचारा, तारीख वहीत लिहा. गळ्यातला ताईत, हातातला दोरा काढायला सांगू नका. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २० व्या कलमात कुटुंबापासून दुरावलेल्या मुलाच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमीचा विचार व्हावा असं म्हटलं आहे, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. तुमची प्रार्थना तुम्ही घरी, त्या मुलासाठी, त्याचं नाव घेऊन करा. तिथे कुणी अडवत नाही.

दुखणं आणि सांगता न येणारं

कागदावर मुलाच्या आकृतीची बाह्यरेषा काढा, पुढून एक आणि मागून एक. त्याखाली चार चेहरे: हसरा, बरा, रडवेला, खूप रडणारा. हा कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. कुठे दुखतं ते मूल बोटाने दाखवतं, किती दुखतं ते चेहऱ्याने. ‘पोटात दुखतं’ म्हणणाऱ्या मुलाचं दुखणं कानात होतं असं एकदा आमच्याकडे निघालं. कुणीतरी त्याला शिकवलेला एकच वाक्यप्रकार तो सगळीकडे वापरत होता.

मूल कधीतरी वाईट काही सांगेल. मारल्याचं, किंवा त्याहून वाईट. तेव्हा प्रश्न विचारू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ऐका, आणि बाहेर येताच मुलाने वापरलेले शब्द त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे, देवनागरीत लिहून ठेवा. त्याचं मराठी करू नका. कळला नाही तो शब्दही लिहा. भाषांतरात एक शब्द सरकला तर पुढे तपासात सगळं सरकतं. मग लगेच प्रमुखांना सांगा. तक्रार बालगृहातल्याच कुणाबद्दल असेल तर १०९८ ला किंवा पोलिसांना फोन करा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. जबाब मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंदवला जात असेल तर गरजेप्रमाणे दुभाषा द्यावा, हेही त्याच कायद्यात आहे. तो मागा. तुम्ही स्वतः दुभाषे होऊ नका. तुम्ही त्या मुलाचे आहात, आणि तिथे तटस्थ माणूस हवा.

मुलाची भाषा मुलाकडे राहू द्या

दोन भाऊ आपसांत कन्नड बोलत असतील तर ‘इथे कोकणीत बोला’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे अडवा. यामागे मोठं कारण आहे. बालगृह हा शेवटचा उपाय, शक्य तितक्या लवकर मूल कुटुंबात परतावं, हे कायद्याचं तत्त्व आहे. मी एक मुलगा पाहिला आहे. चार वर्षांनी त्याची आजी सापडली. ती हुबळीजवळच्या खेड्यातून आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवत बोलत राहिली, आणि तो आमच्याकडे बघत राहिला. त्याला तिचं काहीच कळत नव्हतं. आम्ही त्याला जेवू घातलं होतं, शाळेत घातलं होतं, आणि आजीची भाषा त्याच्याकडून जाऊ दिली होती. त्यानंतर आमच्या घरात दर शनिवारी कन्नड शाळेतल्या एक निवृत्त बाई येऊन गोष्टी सांगतात. त्याला उशीर झाला होता. इतरांना होऊ नये.

अशा आजींना मदत करणं हेही तुमच्या कामात धरा. मुलाला घरीच सांभाळता यावं म्हणून केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलांना महिन्याला ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकतं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. पण आजीला वाचता येत नाही, कचेरीत तिचं बोलणं कुणाला कळत नाही, आणि ती दुसऱ्यांदा येत नाही. तिच्याबरोबर एक दिवस रांगेत बसा. आधार कार्ड, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक एका पिशवीत घालून द्या, आणि कुठला कागद कशाचा ते तिला तिच्या भाषेत सांगेल असा माणूस बरोबर न्या. दहा वह्या वाटण्यापेक्षा या एका दिवसाने मूल घरी जाण्याची शक्यता जास्त वाढते.

थांबायची वेळ आली तर

बदली होते, आजारपण येतं, कधी मन थकतं. न सांगता बंद होऊ नका. निदान चार आठवडे आधी सांगा, कॅलेंडरवर शेवटचा ठिपका वेगळ्या रंगाने काढा, आणि तो कशाचा आहे ते प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत सांगा. पुन्हा येणार नसाल तर ‘येईन’ म्हणू नका. मुलं रागावतील, एखादं बोलणार नाही. त्याच्याजवळ नेहमीसारखं बसा.

जाताना शब्दवही तिथेच ठेवा, पुढे येणाऱ्याच्या हातात. आमच्या वहीत ‘आई’च्या रकान्यात आता नऊ शब्द आहेत: आई, आवय, माय, अव्वा, अम्मा, याडी, बोऊ, मा, अम्मी. दहावी ओळ रिकामी ठेवली आहे. गेल्या आठवड्यात एक नवा मुलगा आला आहे, आणि तो अजून बोललेला नाही.